जुन्या स्वेटरातून कुत्र्याचा स्वेटर: आधी मुंढा, मग बाकीचं

ताई, तुमचा प्रश्न थोडक्यात असा. राणी ही तुमची साडेतीन वर्षांची गावठी कुत्री, वजन १६ किलो, केस आखूड. मागच्या हिवाळ्यात पहाटे ती कुडकुडायची. घरात सासऱ्यांचे दोन जुने स्वेटर आहेत, यजमानांचे टी-शर्टही पडून आहेत. तुम्ही एका स्वेटरची बाही कापून तिला घातली, तर ती जागच्या जागी पुतळ्यासारखी उभी राहिली आणि दोन दिवसांत पुढच्या पायांच्या काखेत लाल झालं. घरी पायाची साधी मशीन आहे. आता शिवावं कसं, की हिला कपडे चालतच नाहीत असं समजून सोडून द्यावं?

सोडू नका. तिला कपडे चालतील, फक्त मुंढा, म्हणजे कपड्यातून हात किंवा पाय बाहेर काढायची जागा, तिच्या पायांचा हवा.

मी नागपूरच्या महाल भागात २३ वर्षांपासून ब्लाउज आणि ड्रेस शिवते. कुत्र्यांचं शिवणकाम त्यातल्या बारा वर्षांचं. सुरुवात आमच्या मोत्यापासून झाली. त्याच्यासाठी पहिला स्वेटर मी माणसाचाच मुंढा डोळ्यांपुढे ठेवून कापला होता आणि त्याच्याही काखेत हेच झालं होतं. तेव्हा त्याला अंगणात चालवलं आणि बाजूला बसून नुसते त्याचे पाय बघितले. आपले हात खांद्यापासून बाजूला लोंबतात, म्हणून आपल्या कपड्याला मुंढा कडेला असतो. कुत्र्याचे पुढचे पाय छातीच्या खालून सरळ जमिनीकडे जातात आणि चालताना पुढे-मागे झुलतात. आपल्या गळ्याखाली आडवं हाड असतं, तसं घट्ट जोडलेलं हाड कुत्र्याला नसतं. त्याच्या खांद्याचं पातं स्नायूंवर टांगलेलं असतं आणि प्रत्येक पावलाला बरगड्यांवरून सरकतं. माणसाचा मुंढा असलेला स्वेटर त्याला घातला की दोन पायांच्या मधे जास्तीचं कापड गोळा होतं, शिवण नेमकी काखेत येते आणि पाऊल टाकलं की घासते. काखेत केस कमी आणि कातडी पातळ, त्यामुळे दोन दिवस पुरतात.

तुमच्या बाहीचं तर मापच बसणारं नव्हतं. पुरुषांच्या स्वेटरच्या बाहीचा वरचा घेर साधारण १६-१७ इंच असतो. १६ किलोच्या कुत्रीची छाती २४-२५ इंच भरते. कापड ताणलं जातं म्हणून बाही अंगात गेली, पण छाती आवळली गेली. राणी पुतळा झाली ती त्यामुळे. बाहीचा स्वेटर पिल्लांसाठी आणि १५ इंचांच्या आतल्या छातीच्या लहान जातींसाठी उत्तम. मनगटाकडची पट्टी गळ्याला येते, पायांसाठी खाली दोन भोकं पाडली की झालं. राणीसाठी मात्र स्वेटरचं धड कापावं लागेल.

तिला खरंच गरज आहे का, हेही तुम्ही विचारलंत. नागपूरचा हिवाळा लहान असतो, पण लागतो. २९ डिसेंबर २०१८ ला इथे ३.५ अंशांपर्यंत पारा उतरला होता, आणि डिसेंबर-जानेवारीत आठ-दहा अंशांच्या रात्री तर दरवर्षीच्या. हस्की, पॉमेरेनियन, जर्मन शेफर्ड यांच्या अंगावर केसांचा दुहेरी थर असतो, त्यांना स्वेटर घालू नका. लॅब्राडॉरलाही धडधाकट असेपर्यंत लागत नाही. गावठी कुत्री काटक असतात, पण घरात वाढलेली, फरशीवर झोपणारी, आखूड केसांची कुत्री पहाटे कुडकुडत असेल तर तिला हिव वाजते हे उघड आहे. म्हातारी कुत्री, पिल्लं, आजारातून उठलेली कुत्री आणि डॉबरमनसारख्या पातळ केसांच्या जाती यांनाही लागतं. पण आधी एक करा. तिच्या अंथरुणाखाली फरशीपासून उचललेलं काहीतरी घाला, लाकडी पाट किंवा दुहेरी घडीची गोधडी. बरीच थंडी खालून येते. त्यानंतरही ती कुडकुडली तर स्वेटर.

आता मापं. राणी उभी असताना घ्या, बसलेल्या कुत्र्याचं माप चुकतं. पहिलं माप गळ्याचं, पट्टा जिथे बसतो तिथलं. दुसरं छातीचं, पुढच्या पायांच्या लगेच मागे, सगळ्यात रुंद जागी, गोल. तिसरं पाठीचं, मानेच्या मुळापासून शेपटीच्या मुळापर्यंत. ही तीन मापं सगळेच घेतात. चौथं फार कमी लोक घेतात आणि तेच कामाचं आहे: समोरून बघून दोन पुढच्या पायांच्या मधलं अंतर, छातीच्या हाडावर टेप आडवा धरून. पाचवं, पाय जिथे धडाला मिळतो तिथला पायाचा घेर. टेपखाली दोन बोटं सहज सरकली पाहिजेत. मापं लिहून ठेवा.

राणीच्या वजनावरून मी गळा १५, छाती २५, पाठ २०, पायांमधलं अंतर ४ आणि पायाचा घेर ९ इंच धरून सांगते. तुमचे आकडे वेगळे निघाले तर त्याप्रमाणे बदला.

कापण्याआधी सासऱ्यांचे स्वेटर नीट तपासा. ट्रंकेत डांबराच्या गोळ्या घालून ठेवले असतील तर आधी दोनदा धुवा आणि तीन-चार दिवस कडक उन्हात वाळवा, वास पूर्ण जाईपर्यंत. ती गोळी कुत्र्याच्या पोटात गेली तर जिवावर बेतू शकतं, आणि कुत्रं आपला स्वेटर चाटतं, चावतं. खिशात, अस्तरात एखादी गोळी अडकली नाही ना, हे हात घालून बघा. बिल्ला, टाचणी, चमकी, आरसे असं काहीही असेल तर उसवून काढा.

मग आतल्या शिवणीतला एक धागा ओढून वाटीत जाळून बघा. जळलेल्या केसांसारखा वास आला आणि राख चिमटीत चुरली गेली तर ती लोकर. धागा वितळून कडक मणी झाला तर ॲक्रिलिक. दोन्ही चालतात, पण तुमच्या गल्लीत रात्री शेकोटी पेटत असेल आणि राणी तिच्याजवळ जाऊन बसत असेल, तर ॲक्रिलिक नको. ठिणगी पडली की ते वितळून कातडीला चिकटतं. लोकर लवकर पेट घेत नाही आणि कातडीवर वितळत नाही. शंभर टक्के लोकरीचा स्वेटर असेल तर तो गरम पाण्यात, मशीनमध्ये मुद्दाम धुवा. तो आटून नमद्यासारखा दाट होईल आणि कापल्यावर धागे उसवणार नाहीत. मात्र किती आटेल ते आधी सांगता येत नाही, म्हणून धुतल्यावरच मापं आखा.

कागदावर बेतून घ्या. वर्तमानपत्र चालेल. कपड्याचे दोन भाग: पाठ आणि पोट. छातीच्या २५ इंचांत २ इंच सैलपणा मिळवला की २७. त्यातले १८ इंच पाठीला, ९ पोटाला. पाठीचा तुकडा मानेपाशी साडेअकरा इंच रुंद, पायांच्या मागे १८, आणि लांबी १८, म्हणजे शेपटीच्या मुळाच्या दोन इंच आधी संपेल. पोटाचा तुकडा मानेपाशी साडेचार, मग दोन पायांच्या मधून जाताना फक्त साडेतीन, आणि पाय ओलांडले की हळूहळू ९ इंच. पायांमधलं अंतर ४ असताना पट्टी साडेतीनच का? कारण कड काखेत यायला नको, छातीच्या हाडावर यायला हवी. काखेचा सगळा त्रास या अर्ध्या इंचात असतो. हे सगळे आकडे शिवून झाल्यावरचे आहेत, कापताना चारी बाजूंनी अर्धा इंच शिवणीसाठी धरा.

मुंढा या दोन तुकड्यांच्या जोडावर येतो. गळ्याच्या कडेपासून साडेतीन-चार इंच जोड शिवायचा, मग साडेचार-पाच इंच मोकळं ठेवायचं, मग पुढे शेवटपर्यंत शिवायचं. त्या मोकळ्या जागेत पाठीच्या तुकड्याला अर्धगोल खळगा कापा, पण खळग्याचं पोट मागच्या बाजूला जास्त ठेवा. पाय मागे जातो तेव्हा कोपर तिथे येतं. कोपराच्या मागे एक इंच कापड लागत नाही, अशी जागा सुटली पाहिजे. तयार मुंढ्याचा घेर ११ इंचांच्या खाली नको. बाह्या लावू नका. बाही छान दिसते, पण कुत्र्याच्या चालण्यात ती आडवी येते, शू करताना भिजते, आणि बाहेरून आल्यावर ओल धरून बसते. लोक माझ्याकडे बाह्यांचा आग्रह धरतात, मी शिवून देत नाही.

पोटाचा तुकडा किती लांब ठेवायचा, हे नर-मादीवर ठरतं. राणी मादी आहे, तिला मागच्या पायांच्या जांघेच्या दोन-तीन इंच आधीपर्यंत चालेल. नराला बरगड्या संपल्या की तिथेच थांबवा, पुढे आतल्या बाजूला गोलाई देऊन पाठीला मिळवा. नाहीतर प्रत्येक वेळी कापड ओलं होतं आणि पोटाची कातडी खराब होते.

कागदी तुकडे तयार झाले की ते थेट स्वेटरवर ठेवू नका. आधी जुनी चादर किंवा फाटका परकर घेऊन त्याचे तुकडे कापा, धावदोऱ्याने जोडा आणि राणीच्या अंगावर घालून तिला दहा पावलं चालवा. चादर ताणत नाही, त्यामुळे चूक लगेच दिसते. सासऱ्यांच्या स्वेटरला एकदाच कात्री लागते. या चाचणीत अर्धा तास जातो, तो जाऊ द्या.

स्वेटर ठेवताना पाठीच्या तुकड्याची शेपटीकडची कड स्वेटरच्या खालच्या तयार पट्टीवर येऊ द्या. ती पट्टी आधीच विणलेली, लवचिक आणि न उसवणारी असते, तुम्हाला दुमडावी लागत नाही. पोटाचा तुकडा समोरच्या भागातून काढा. समोरच्या भागाची खालची पट्टी उरते, ती गळ्याला लावा. गळ्याचा घेर १६ येईल, पट्टी १४ इंचांची घ्या आणि लावताना थोडी ताणत शिवा, म्हणजे ती अंगाला बसेल. गळ्यातून दोन बोटं जातात का, हे पुन्हा बघा. व्ही गळ्याचा मूळ भाग कुत्र्याला कामाचा नसतो, तो तसाच ठेवून दिलात तर राणीचा पाय त्यात अडकेल.

आणि स्वेटर बटणांचा असेल तर नशीब समजा. तो पालथा करा: बटणांची पट्टी राणीच्या पाठीच्या कण्यावर आणा आणि पाठीचा तुकडा बटणं लावलेल्या अवस्थेतच कापा. पोटाचा तुकडा मागच्या भागातून निघेल. मग डोक्यातून घालायची कसरत उरत नाही. पुढचे पाय भोकांत घालायचे आणि पाठीवर बटणं लावायची. बटणं तिथे असली की तिच्या तोंडालाही येत नाहीत. बटणं मात्र दुहेरी दोऱ्याने पुन्हा पक्की करा. चेन लावायच्या भानगडीत पडू नका, केस अडकतात. वेल्क्रोही विणलेल्या कापडाला नीट बसत नाही, केस आणि धागे पकडतो, आणि त्याच्या आवाजाने काही कुत्री दचकतात.

साध्या मशीनवर विणलेलं कापड शिवताना ते लांबतं आणि कड लाटेसारखी होते. यावर माझा उपाय असा. खाली पांढऱ्या कागदाची पट्टी धरा, टीप मोठी ठेवा, दाब थोडा कमी करा आणि कागदासकट शिवा. नंतर कागद फाडून काढा. वर्तमानपत्र यासाठी नको, शाई लागते. सुई होजिअरीची घ्या, बोथट टोकाची, १४ नंबर. इतवारी बाजारात शिलाईसामानाच्या दुकानात मिळते. लोकर आटवलेली नसेल तर कापण्याच्या आधीच, जिथे कात्री चालणार त्या रेषेच्या आत दोन टिपा मारून घ्या आणि मग कापा, नाहीतर कात्री लागताच धागे सुटत जातात. पिको-फॉलवाल्याकडून कडा इंटरलॉक करून आणल्या तरी उत्तम. मशीनवर जमत नसेल तर उलटी टीप हाताने घाला. ती ताण सहन करते, धावदोरा तुटतो.

यजमानांच्या टी-शर्टचं काम आता येतं. छातीच्या पट्टीला आणि मुंढ्याच्या कडेला आतून टी-शर्टचं अस्तर द्या. लोकर बोचते, धुतलेला सुती टी-शर्ट मऊ असतो. मुंढ्याला दीड इंचाची आडव्या ताणाची पट्टी कापून पायपिंगसारखी दुमडून लावा आणि शिवणीची मार्जिन बाहेरच्या बाजूला येऊ द्या, आत नको. बाहेरून ती थोडी दिसेल. दिसू द्या, तिला ती लागत नाही हे महत्त्वाचं.

पट्टा आणि साखळी कधीही कपड्याला अडकवू नका. अंगपट्टा (हार्नेस) असेल तर तो आत घाला आणि पाठीवर काज पाडून कडी बाहेर काढा. नाडी, लोंबती दोरी, झालर यातलं काहीच नको, दाराच्या कडीत किंवा पलंगाच्या पायात अडकून गळा आवळला जातो.

या सगळ्याची धास्ती वाटत असेल तर एक सोपा मार्ग आहे, आणि म्हाताऱ्या कुत्र्यांसाठी मी तोच सुचवते. पोळ्याला बैलाच्या पाठीवर टाकतात ती झूल तुम्ही बघितलेली आहे. कुत्र्यालाही झूलच शिवायची. जुनी शाल, ब्लँकेट किंवा जाड चादर घ्या, पाठीच्या लांबीची आणि दोन्ही बाजूंनी कोपरापर्यंत येईल इतकी रुंद. मानेपाशी अर्धगोल कापा. समोर छातीवर एक रुंद पट्टी आणि पुढच्या पायांच्या मागून पोटाखाली दुसरी, तीन इंच रुंद, मऊ टी-शर्टची. दोन्हींना मोठं बटण. मुंढाच नाही, त्यामुळे काख लागण्याचा प्रश्नच येत नाही. सांधे धरलेल्या कुत्र्याचा पाय उचलून भोकात घालायला लागला तर ते कळवळतं, झूल मात्र उभ्या-उभ्या टाकता येते. आमच्या वाड्यातल्या एका चौदा वर्षांच्या लॅब्राडॉरने दोन हिवाळे जुन्या सोलापुरी चादरीच्या झुलीत काढले. त्या वयात त्यालाही थंडी सोसत नव्हती. सकाळी त्याचे मागचे पाय आखडायचे, झूल घालून झोपला की उठायला कमी त्रास व्हायचा.

नसबंदीनंतरच्या कपड्याबद्दल तुम्ही विचारलं नाही, पण घरात जुने बनियन असतील तर हे सांगायलाच हवं. माझ्याकडे स्वेटरपेक्षा याची गरज असलेले लोक जास्त येतात. ऑपरेशननंतर कुत्री टाके चाटते. गळ्यातल्या प्लास्टिकच्या कोनाने काही कुत्री खाणंपिणं सोडतात, दाराला धडकतात. पुरुषांचा सुती बनियन मागचा भाग पुढे करून घाला, म्हणजे खोल गळा कुत्रीच्या पाठीवर येतो आणि छाती-पोट पूर्ण झाकलं जातं. पुढचे पाय बनियनच्या मुंढ्यांतून काढा. खालचा घेर मागच्या पायांपाशी दोन्ही बाजूंनी चार-पाच इंच चिरा. मधली पोटाकडची पट्टी मागच्या पायांच्या मधून वर घ्या आणि शेपटीच्या दोन्ही बाजूंनी पाठीवर बांधा. शू-शीला नेताना ती गाठ सोडायची, परत आली की बांधायची. चार बनियन तयार ठेवा, रोज बदला, ओला झाला तर लगेच बदला. रोज दोनदा बनियन सोडून जखम बघा. सूज, लाली, पाणी किंवा वास आला तर डॉक्टरकडे. आणि बनियन पुरेल की कोनच हवा, हे तुमच्या जनावरांच्या डॉक्टरांना विचारूनच ठरवा. दातांनी कापड फाडून टाके ओढणारी कुत्री असतात, त्यांना बनियन पुरत नाही.

पावसासाठी मोडक्या छत्रीचं कापड वापरा. तारा काढल्या की आठ त्रिकोणी तुकडे मिळतात, त्यातले तीन-चार जोडून झूल होते. त्याला पोटाचा भाग देऊ नका. बाहेरून आलं की लगेच काढा. आत हवा खेळत नाही, आणि पावसाळ्यात ओल्या केसांत बुरशी फार लवकर धरते.

उन्हाळ्यात कुत्र्याला कपडा नको. मे महिन्यात इथे ४५ अंश असतात. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही, ते जीभ बाहेर काढून धापा टाकून अंग थंड करतं. लोक ओला टी-शर्ट घालून सोडतात. कोरड्या हवेत ओलं कापड कूलरच्या खसच्या ताटीसारखं काम करतं हे खरं, पण ते सतत ओलं असेल आणि वारा लागत असेल तोवरच. वाळत आलेला आणि अंगाला चिकटलेला टी-शर्ट उष्णता आत कोंडतो. त्यापेक्षा जुना विरलेला दुपट्टा भिजवून त्यावर तिला झोपू द्या, पोट आणि पावलं ओली करा. पाऊस सुरू झाल्यावर हवा दमट होते, तेव्हा ओल्या कापडाचाही उपयोग राहत नाही.

रस्त्यावरच्या कुत्र्यांना स्वेटर घालावेत का, हे मला दर डिसेंबरला विचारलं जातं. माझं मत स्पष्ट आहे: घालू नये. हेतू चांगला असतो, पण तो कपडा रोज काढणारं कोणी नसतं. तो दवाने भिजतो आणि ओला राहतो, कुंपणाच्या तारेत अडकतो, आत गोचीड वाढतात. पिल्लू वाढतं पण कपडा वाढत नाही. मी एका पिल्लाच्या काखेतून कात्रीने कापून काढलेला कपडा बघितला आहे, कातडीत रुतलेला. त्यापेक्षा ज्यूटची दोन पोती घ्या, एकात भाताचं तणस भरून तोंड शिवा, दुसरं वरून अंथरा, आणि ते भिंतीच्या आडोशाला विटांवर ठेवा. भंडाऱ्याकडून तणस येतं, कोणी गाई राखणारा असेल त्याच्याकडे मागितलं की मिळतं. तणस ओल धरून ठेवत नाही, गोधडी धरते. दर आठ-दहा दिवसांनी बदला. तुमच्या कापणीतून उरलेल्या चिंध्या त्यात घालू नका, पिल्लं गिळतात.

आता राणीला सवय लावण्याचं. एकदा तिला वाईट अनुभव आला आहे, म्हणून घाई नको. काख पूर्ण बरी होऊ द्या, मगच सुरुवात. पहिले दोन दिवस तयार स्वेटर नुसता तिच्या अंथरुणावर ठेवा. तिसऱ्या दिवशी पाठीवर टाका, आवडीचं खाऊ घाला, काढा. मग पाय घालून पाच मिनिटं, तिच्यासोबत फिरत. ती गोठून उभी राहिली, कान मागे घेतले, ओठ चाटत राहिली, सारखी अंग झटकत राहिली किंवा जमिनीवर लोळून काढायला बघत असेल तर तिला ते जड जातंय, काढून टाका आणि दुसऱ्या दिवशी त्याहून कमी वेळ करा. ती आपणहून चालू लागली, पाणी प्यायली, बसून उठली की मग वेळ वाढवा. कुत्री घरात एकटी असेल तेव्हा अंगावर कपडा ठेवू नका. दिवसा ऊन वर आलं की काढा. नागपुरात जानेवारीतही दुपारी २८-३० अंशांपर्यंत जातं, त्या उन्हात लोकर तिला त्रासदायक होईल.

आठवड्यातून एकदा धुवा, साबण साधा आणि कमी, पाणी तीनदा बदलून. सुवासिक लिक्विड घालू नका, त्या वासाने कुत्री अस्वस्थ होतात आणि काहींच्या कातडीला खाज सुटते. रोज काढल्यावर हात फिरवून गोचीड आणि गुठळ्या बघा.

दुसरा स्वेटर अजून कापू नका. पहिला दोन आठवडे वापरून बघा, काय बदलावंसं वाटतं ते कागदी तुकड्यांवरच पेन्सिलीने लिहा, आणि मग दुसऱ्याला कात्री लावा. धुवायला एक, अंगावर एक, असे दोन हवेतच.

पहिली रात्र झाली की सकाळी स्वेटर काढून तिला कुशीवर झोपवा आणि काखेतले केस बघा. ते सरळ आणि कोरडे असतील तर मुंढा बरोबर आहे. एका बाजूला चपटे दबलेले किंवा मोडलेले दिसले, कातडी गुलाबी दिसली नाही तरी, मुंढा मागच्या बाजूने अजून अर्धा इंच कापा, पायपिंग पुन्हा लावा आणि एक रात्र विश्रांती देऊन मग घाला.